गैरहजर

हलच्या इस्पितळात एक रकाना असतो,
त्यात तीन अक्षरं पडतात: डी. एन. ए.
मला आधी वाटलं, रक्ताबिक्ताचं काही असेल.
नाही.
बोलावलं होतं, आली नाही.
एवढंच.

माझा प्रबंध या तीन अक्षरांवर आहे.
पंधरा हजार शब्द, सप्टेंबरपर्यंत.
आरोग्यसमता आणि सामाजिक समावेशन,
असं फोनवर सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला,
बरं, पण त्यानं नोकरी लागंल का कुठं?

मुलाखत क्रमांक सात.
डोरीन हार्कर, हेसल रोडच्या मागच्या गल्लीत,
वय एकोणऐंशी.
एकतीस वर्षं मासे कापायच्या शेडमध्ये, बर्फात हात घालून.
उजवीकडची दोन बोटं आता सरळ होत नाहीत,
त्यांनीच ती बिस्किटांचा डबा उघडते,
मी मदतीला वाकले तर डबा जरा तिकडे सरकवते.

तिन्ही वेळा का नाही गेलात?

पहिल्यांदा पत्रच उशिरा आलं.
दुसऱ्यांदा बस.
तिसऱ्यांदा
(इथे रेकॉर्डरवर फक्त घड्याळ ऐकू येतं)
तिसऱ्यांदा गेले होते गं. दारापर्यंत.
आत ते मशीन होतं, बोट लावून आपलं नाव सांगायचं.
माझं बोट त्या काचेला कळेना.
मागे रांग वाढली.
म्हटलं, राहू दे.

ती इंग्रजीत म्हणाली.
मला ऐकू आलं ते परभणीचं.

माय सिव्हिलमध्ये झाडायची.
सहाच्या ठोक्याला चार नंबरचा वॉर्ड, मग ओपीडीचा व्हरांडा.
सव्वीस वर्षांत खाडे नाहीत म्हटलं तरी चालेल.
मस्टरवर तिचा अंगठा उठायचा, निळा, रेघ न् रेघ स्पष्ट.
केसपेपरच्या खिडकीची काच तीच पुसायची
आणि तिच्या नावाचा केसपेपर कधी निघाला नाही.
दीड वर्ष खोकत होती.
आम्ही म्हणायचो, तिथंच असतेस, दाखव ना एकदा.
राहू दे. साहेब कामात हायेत.

स्टाफरूमच्या माठाला तिनं हात लावला नाही.
तिला लावू दिला नाही.
ही दोन वेगळी वाक्यं आहेत,
हे कळायला मला इथवर यावं लागलं, फी भरून.

आता माझ्यापुढे सातव्या मुलाखतीचे कागद आणि चार मार्कर.
पिवळा वाहतुकीला, निळा यंत्राला,
हिरवा पत्रांच्या घोळाला, गुलाबी उरलेल्या सगळ्याला.
'राहू दे' गुलाबीत घालवत नाही.

मार्गदर्शक बाई वेल्सच्या, ग्विनेथ प्रॉसर, हळू बोलतात.
म्हणाल्या, या संशोधनात तुम्ही स्वतः कुठे उभ्या आहात
ते लिहा. दोनशे शब्द पुरेत.
लायब्ररी बंद होईतो बसले आणि लिहिलं:
व्हरांड्यात.
समासात त्यांची पेन्सिल परत आली:
छान. थोडं विस्ताराने?

डोरीनला चौथं पत्र आलंय.
चष्मा सापडत नाही म्हणाली. तो तिच्या गळ्यातच होता.
मी वाचून दाखवलं: मंगळवार, सकाळी नऊ दहा.
आठची बस गाठायला हवी, ती म्हणाली, आली तर.
मी येते, मी म्हटलं.
हे नियमांत बसतं का, आधी विचारायला हवं होतं.
त्याचा फॉर्म बारा पानी आहे.

मंगळवार.
हंबरवरून येणारा वारा कानशिलं सोलतोय.
डोरीन लिपस्टिक लावून आलीय, जरा ओठाबाहेर गेलेली.
बस दिसत नाही अजून.
ती उजवा हात कोटाच्या आत, पार काखेत धरून उभी आहे.
थंडी वाजते का, विचारलं,
तर म्हणाली, नाही गं,
बोट गरम ठेवतेय,
त्या काचेसाठी.