फक्की

रेणुसे सरांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची.
खो-खोचं सामान म्हणजे असतं तरी काय,
ना बॅट, ना बॉल.
दोन लाकडी खांब, सुतळीचा गुंडा,
एक टेप, सुरुवातीलाच वीतभर तुटलेली,
म्हणून आमची मोजणी कायम वीसपासून,
आणि फक्कीचं पोतं.
प्राचार्य दरवर्षी विचारायचे,
एवढा चुना लागतो कशाला?
सर म्हणायचे, रेघ रोज पुसते साहेब.

एकतीस वर्षं.
त्यातली पहिली अकरा तासिका तत्त्वावर,
म्हणजे मे महिन्यात पगार नाही,
म्हणजे मे महिन्यात सर भोर रस्त्याला
मेहुण्याच्या रसवंतीवर ग्लास विसळत.
तिथंच त्यांना लहू पासलकर दिसला,
गल्ल्यातले सुटे घेऊन पळताना.
उसाच्या मोळ्यांमधून तीन वळणं घेतली त्यानं,
मेहुणा ओरडला, धरा!
सर हातात ग्लास धरून बघतच राहिले.
जूनमध्ये त्याचा प्रवेश अर्ज भरला सरांनीच,
छंद या रकान्यात लिहिलं, धावणे.

मुंढव्याच्या एवढ्याशा कॉलेजात
टीम म्हणजे काय हो,
पहाटे पेपर टाकून आलेली पोरं,
एकाच्या पायात बहिणीच्या चपला.
सर खिशातून शेंगदाणे काढायचे, मोजून.
नव्याण्णव साली गेलो उपांत्य फेरीपर्यंत.
शेवटचं मिनिट, एक गुण हवा,
आणि लहू उठला
खो मिळायच्या आधीच.
शिट्टी. फाउल.
उपविजेत्यांना ढाल मिळते,
उपांत्यवाल्यांना केळी.
परतीच्या बसमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही.
स्वारगेटला उतरताना सर म्हणाले,
पाठीला हात लागेपर्यंत बसायचं असतं रे.
त्यांचं कायमचं पत्र
त्यानंतर चार महिन्यांनी आलं.

मग मॅटचे दिवस आले.
मॅट आमच्याकडे कुठली!
सरांनी मांडववाल्याकडून जुनं जाजम आणलं,
अक्षतांचे दाणे अजून त्यात अडकलेले.
त्यावर पोरांनी सूर मारायला शिकून घेतलं,
कोपरं सोलून.
मग पोरं कमी झाली.
सरावाला नऊ पाहिजेत, यायचे सहा.
ग्रंथालयातला अभय, कँटीनचा सुरेन,
आणि मी, सेहेचाळिसाव्या वर्षी,
भिंतीकडे तोंड करून चौकात.
पाठीमागं काय चाललंय दिसत नाही तिथून,
नुसती धाप ऐकू येते,
कधी जवळ, कधी लांब,
आणि एकदम सरांचा तळवा पाठीवर,
खो!
आता खोटं कशाला बोलू,
गुडघा करकरायचा,
पण तेवढं उठणं मला आवडायचं.

निरोपाला प्राचार्यांनी सांगितलं,
सरांनी असंख्य खेळाडू घडवले.
असंख्य नव्हते. वहीत दोनशे अकरा आहेत.
लहू दौंडला रेल्वेत आहे, पोट सुटलंय.
बाकीच्यांचं मला धड माहीत नाही.
सरांनाही नसावं,
पण नाव घेतलं की सांगायचे,
हा डावीकडून फसायचा.

पुढच्याच वर्षी मैदानाचं पार्किंग झालं.
पट्टे मारायला मलाच बोलावलं,
रेघा मारायची सवय आहे तुला, म्हणाले.
टेप तीच. मोजणी वीसपासून.
हात आपोआप गेला, काय करू,
मधली पाटी, आडव्या पाट्या, दोन टोकांना खांबांची जागा.
गाड्या लावतानाही
एकीचं तोंड गेटकडं, दुसरीचं भिंतीकडं.
पोरं शिव्या देतात, काढताना आरसे अडकतात.

परवा सर आले होते, पेन्शनच्या कसल्याशा कागदासाठी.
कागद मिळाला नाही, साहेब रजेवर.
जिन्याच्या कठड्याला धरून
बराच वेळ गाड्यांकडे बघत उभे राहिले.
मला वाटलं, आता डोळे पुसतील.
म्हणाले,
ती आठवी, लाल स्कूटी,
चौकाबाहेर बसलीय.
सरकव तिला.

मी सरकवली.