ग्रहण

फाटकावरच्या पाटीवरून महिनाभर घोळ चालला.
‘अवकाश सौरऊर्जा ग्रहण केंद्र, एकलहरे.’
रंगारी म्हणाला, मॅडम, ग्रहण हा शब्द
मी ठळक नाही काढणार,
घरी बायको पोटुशी आहे.
तो तेवढा शब्द आजही बाकीच्यांपेक्षा बारीक आहे.

आत कोसभर जाळी, पुरुषभर उंचीवर ताणलेली.
खाली मेथी, कोथिंबीर, थोडा कांदा.
ऊन गळतं, पाऊस गळतो,
गळत नाही ती फक्त वीज.
छत्तीस हजार किलोमीटरवरून उतरते,
वास नाही, आवाज नाही, चाहूल नाही.
गांगुर्डे म्हणतात,
आमचा हिच्याशी छत्तीसचाच आकडा.

भिकन गांगुर्डे.
एकतीस वर्षं राखेच्या खात्यात,
आता कंत्राटावर फाटकाशी.
आधी राख, मग राखण, असं स्वतःच सांगतात
आणि आपण हसलो की नाही ते बघतात.

त्यांची वीज म्हणजे
ओढ्याच्या सायडिंगला अडकलेला रॅक,
भिजून चिखल झालेला कोळसा,
चार दिवसांचा साठा, तीन दिवसांचा,
मुंबईहून साहेबांचा फोन, मग पुन्हा फोन,
आणि गच्चीवर उभ्या बायका,
चिमणीकडे बघून वारा ठरवणाऱ्या,
आज कुरडया घालायच्या की नाही.
तिला अंगाचा वास होता, म्हणतात.
म्हणता म्हणता खोकतात.
खोकला तिचाच.

आज एकवीस मार्च. दिवस आणि रात्र सारखी.
आमचा वरचा पसारा, आरसे आणि पट्ट्या,
ज्याला गावातली पोरं रातसूर्य म्हणतात,
पृथ्वीच्या सावलीत जाणार.
बहात्तर मिनिटं.
वर्षात दोनदा दीड-दीड महिना रोज थोडी थोडी,
आणि या दिवसांत सगळ्यात जास्त.

संध्याकाळपासून मी फोनवर.
बॅटऱ्या भरल्या का, वैतरणेचं पाणी किती,
द्वारका चौकातले दिवे निम्मे करा,
सिव्हिल हॉस्पिटलला हात लावू नका.
पिंपळगावच्या शीतगृहात वाल्मिक मोगल.
अकरा कंटेनर द्राक्षं.
मोगल, सव्वा तास दारं उघडायची नाहीत.
मॅडम, बायका पेट्या घेऊन आत-बाहेर करतात.
त्यांना चहा पाजा.
सव्वा तास?
दोनदा पाजा.

बारा वाजून सहा मिनिटं.
चारशे दहा. तीनशे. नव्वद.
शून्य हा आकडा इतका गोल असतो
हे मी दर वर्षी विसरते.

गांगुर्डे खिडकीशी येतात.
कोण आडवं आलं?
आपणच. पृथ्वी.
म्हणजे आपलीच सावली?
आपलीच.
ते बराच वेळ वर बघतात. वर नेहमीचंच आभाळ,
नेहमीच्याच चांदण्या.
मग आपली चिमणीही त्यात असेल,
तिचीही पडली असेल थोडी.

मी हिशेब जाणते.
एवढ्या लांब चिमणी म्हणजे काहीच नाही,
एवढ्या लांब नाशिकही काही नाही.
असेल, म्हणते.

पाऊण वाजता मोगलांचा फोन.
अर्धा अंश चढलाय.
तिसरा चहा झाला, गाणी चाललीत.
अर्धा अंश मी वहीत लिहून ठेवते.
बॅटऱ्यांचे पंखे घुमतात,
तेवढाच काय तो आवाज या घरात,
आणि मला लाज वाटते की तो मला आवडतो.

एक वाजून अठरा.
आकडे चढतात, घाई नसल्यासारखे.
बाहेर काही बदलत नाही, मेथीचं पान हलत नाही.

आली का?
आली.
कळलं नाही हो.

गांगुर्डे टॉर्च विझवतात, जाळीखाली जातात
आणि तळहात पुढे करून उभे राहतात,
भुरभुर थांबली की नाही
ते बघायला माणूस उभा राहतो तसे.