स्थूल मूल्यवर्धन

निपाणीत उतरलो तेव्हा साडेनऊ. जानेवारी.
वखारींच्या मागं पत्र्याचं शेड,
पटावर कामगार अठरा, आज हजर अकरा.
माझ्या पिशवीत वार्षिक पाहणीचा फॉर्म,
एकदा कन्नडात, एकदा इंग्रजीत छापलेला,
आणि प्रश्न मी विचारणार मराठीत,
कारण उत्तरं इथं त्याच भाषेत शिंकतात.

तंबाखूची धूळ, भिजवलेला चुना,
वरून रॉकेल घालून घुसळायचं.
रॉकेल निकोटिन घेऊन वर येतं,
मग गंधकाम्ल त्याच्याकडून ते काढून घेतं.
तवनाप्पा हंजे, हिशेबनीस, हे सांगतो
जशी दोन भावांतली वाटणी.
'शेवटी रॉकेल मोकळं की ओ. परत कामाला.
त्याचं काय जात नाही.'
उडून किती जातं?
तो खिडकीकडं बघतो.
मी लिहितो : घट, तीन टक्के.

उत्पादन : निकोटिन सल्फेट, चाळीस टक्क्यांचं,
निळ्या पिंपांत, वर कवटी.
किंमत दारातली धरायची,
गाडीभाडं वगळून, कर वगळून,
कोगनोळी नाक्यावरची ताटकळ वगळून.
आम्ल कागलकडनं येतं. फिटरही तिकडचाच,
रोज एक राज्य ओलांडून येतो
आणि संध्याकाळी रिकामा डबा परत नेतो.
फॉर्मात जिल्ह्याला एक कोड आहे.
त्याच्या पलीकडचं मला दिसत नाही,
असं धरून चालायचं असतं.

आता कच्चा माल.
धूळ कितीला घेता?
तवनाप्पा रजिस्टर उलटतो. 'झाडलोट ती. फुकट.'
दोनशे चाळीस टन. सहा हजार पोती. किंमत शून्य.
शून्याला हरकत नाही,
वरच्यांना रेघ चालत नाही, शून्य चालतं.
पण शून्यातून पिंपं भरायला लागली
की सगळी किंमत मूल्यवर्धन होऊन बसते
आणि माझा जिल्हा कागदावर
एकदम अंगानं भरलेला दिसतो.

'फुकट कुणाला ओ?'
चाळणीपाशी बायजाक्का, अक्कोळची,
नाकाला पदर, भुवया तपकिरी.
वखारीतली झाडलोट झाडणारीची, हा जुना रिवाज.
पोत्याला बावीस रुपये,
त्यातले चार मुकादमाचे.
'किरकोळ खर्चात असतंय ते,' तवनाप्पा म्हणतो,
कुणीच विचारलेलं नसताना.

ती मला भिंती दाखवते.
पूर्वेची गेल्या सालची, पश्चिमेची चालू.
कोळशाच्या रेघा, चार उभ्या, पाचवी तिरकी,
जमिनीपासून तिचा हात पोचेल तिथवर.
मार्चअखेर जुन्या भिंतीला चुना,
म्हणून तिचंही साल
सरकारसारखं एप्रिलात उघडतं.

पूर्वेची मोजायला दुपार गेली.
मी डावीकडनं, तवनाप्पा उजवीकडनं,
मध्ये भेटलो तेव्हा दोघांचीही बोटं काळी.
पाच हजार नऊशे सत्त्याऐंशी.
तेरा कमी, मी म्हणालो.
'तेरा भिजली होती,' बायजाक्का म्हणाली.
'घेतली त्यांनी. पैसे दिले नाहीत.
मग मी कशाला ओढू रेघ?'

एक लाख एकतीस हजार सातशे चौदा.
रकान्यात लिहिलं. मूल्यवर्धन तेवढं खाली आलं.
खाली विचारलं होतं, आधार कोणता :
कागदपत्र, तोंडी, की अंदाज?
भिंत त्यात नव्हती.
थोडा वेळ पेन तसंच धरलं,
मग कागदपत्रापुढं खूण केली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावहून पत्र :
मागील वर्षी सदर बाब शून्य.
फरकाचे कारण शंभर अक्षरांत द्यावे,
पुराव्याची प्रत जोडावी.

मी फोन लावला.
तवनाप्पा, पूर्वेच्या भिंतीचा एक फोटो पाठवता का?
मागं बॉयलरचा आवाज, कुणीतरी खोकलं.
'कालच मारला की ओ चुना,' तो म्हणाला.
'दोन हात.
ओली आहे अजून.'