भरून खाली, रिकामी वर

कुडचड्यातला माझा दवाखाना. शाबी वेळीपचा रिपोर्ट:
हिमोग्लोबिन साडेसात,
फेरिटिन मात्र सहाशेच्या वर.
दोनदा तपासून घेतलं.

नवरा बार्जवर होता, बार्ज चालत तेव्हा.
त्याला समजेल असं सांगू लागलो:
लोह रक्तात एकटं हिंडत नाही,
मोकळं सुटलं तर जाळत जातं.
एक प्रथिन त्याला कडेवर घेऊन येतं,
पेशीच्या दाराशी ओळख पटली
की दोघांनाही आत ओढतात.
आत माल उतरतो,
रिकामं प्रथिन पुन्हा प्रवाहात.

'भरून खाली, रिकामी वर,'
तो म्हणाला, 'जुवारींत आमचेंय तेंच.'

मग शाबीच्या बोटांची सांधे धरलेली पेरं दाखवली.
सूज जुनी झाली की यकृत हुकूम काढतं:
फाटकं बंद.
कोठारात ढीग,
आणि मज्जेत तांबड्या पेशी
फिकट, खुज्या निपजतात.

तो काही बोलला नाही.
धक्क्यावरचा ढीग खिडकीतून दिसतो,
त्यावर आता आकेशिया उगवलीय.

शाबी चपला शोधत होती.
टाचांच्या भेगांत तीच धूळ,
कितीही घासली तरी.

'हुकूम फिरवता कोण?' त्यानं विचारलं.
मी चिठ्ठीवर
आणखी एक तपासणी लिहिली.