पाव घनफूट घट

टिंबर मार्केटात मी तेवीस वर्षं लाकूड मोजलं.
लांबी, गोलाई, घनफूट,
शेवटच्या रकान्यात शेरा.
गाठ असली तर गाठ, चीर असली तर चीर,
पोकळ निघालं तर तेवढी घट.

सागवान उतरलं की जेवणाच्या सुट्टीत
टोकाशी उकिडवं बसून वलयं मोजायचो.
हे रुंद, त्या साली पाऊस पोटभर झाला.
हे दाट, तेव्हा ओढ दिली असणार.
चंद्रपूरच्या एका ओंडक्यात
माझं जन्मसाल सापडलं होतं, बहात्तर:
जेमतेम अर्धं सूत.
आई सांगायची, तू पोटात असताना
सुकडी खाऊन खडी फोडली.
झाडानंही तेच केलं होतं.

मग बाहेरचा माल यायला लागला.
न्हावाशेव्याहून ट्रेलर, रात्री दोनला,
दिवसा पेठेत बंदी.
लालसर, सरळसोट, बुंध्यावर ठोकलेले आकडे.
वेलजीभाई म्हणाले मलेशिया,
ड्रायव्हर म्हणाला इंडोनेशिया,
पावतीवर तिसरंच काही.
मी टोक ओल्या फडक्यानं पुसलं
आणि बघत बसलो.
एकही रेघ नाही.
गुळाच्या ढेपेसारखं सगळं एकजीव.

दस्तगीर करवतीवरून ओरडला, काय हरवलं?
म्हटलं, वय.
तो हसला. परदेशी पाहुण्याला वय विचारतोस?

पुढे शेतकी कॉलेजातल्या एक बाई
शेल्फसाठी फळ्या बघायला आल्या, त्यांनी सांगितलं,
तिकडे बारा महिने पाऊस.
झाड थांबलं तरच रेघ उमटते.
हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं,
उधारीच्या खाली.

त्याच लॉटमधल्या अकराव्या नगात
करवतीचा आवाज बदलला.
दस्तगीरनं खटका पाडला.
आत नारळाएवढी पोकळी,
काळ्या मेणाच्या कुप्या, एकीला एक चिकटून,
आणि तिळाएवढ्या मधमाश्या, सुकलेल्या,
दोघी दारातच,
कोण आलं ते बघायला आल्यासारख्या.
बाहेरून पेन्सिल जाईल एवढं भोक होतं.
आदल्या दिवशी मीच ते
किडीचं म्हणून सोडून दिलेलं.

दस्तगीरनं करंगळी बुडवून चाटली.
मध आहे, म्हणाला. पण आंबट.
मीही चाखला. आधी आवळा, मागून गोड.
कसल्या फुलांचा असेल रे?
तो बोलला नाही. हात पँटला पुसला.
आमच्याकडे नुसते बुंधे यायचे,
फांद्या कुठे पडायच्या ते आम्ही कधी पाहिलं नाही.

वेलजीभाईंनी गादीवरूनच विचारलं, किती गेलं?
मी लिहिलं:
नग अकरा. पोकळ. घट पाव घनफूट.

त्या लाकडाची दारं झाली.
एक माझ्या बहिणीकडे, वाकडला, सातव्या मजल्यावर.
माझ्याच ओळखीनं, घाऊक भावात.

गेल्या फेब्रुवारीत सुमतीचा फोन,
दादा, दार लागत नाही, फुगलंय.
फेब्रुवारीत दारं फुगत नाहीत.
तरी रंधा पिशवीत टाकून गेलो.
तीन दिवस झोडपत होता.
खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपांवर
आंब्याचा मोहोर, ओल्या भुशासारखा.
शेजारचे म्हणाले, माल कच्चा लागला तुम्हाला.
मी मान डोलावली.
त्यांना काय सांगणार?
एक सूत काढलं, मग आणखी अर्धं.
भाची छिलके गोळा करत होती,
एक नाकाशी धरून म्हणाली, मामा, चिंच?
दार लागलं.
चहा घेऊन निघालो.

एप्रिलात परत फोन.
आता उलटंच, दादा. आकसलंय.
रात्री जिन्यातला दिवा आत दिसतो.
मुंग्या येतात, बारीक माश्याही.
फट केवढी आहे? मी विचारलं.
थांब हं, म्हणाली. ती दाराशी गेली.
भाचीच्या कंपासपेटीचा आवाज आला.

पेन्सिल जाईल एवढी.