पुढे वळण आहे

झाडांवर आकडे मीच घातले.
तांबडा ऑइलपेंट, दीड इंची ब्रश,
झाडामागे सात रुपये.
सावईच्या तिठ्यापासून केरीच्या उतारापर्यंत
एकशे बेचाळीस.
सत्तेचाळीस नंबरची सातवीण.
तिच्या सालीवर रंग धरेना, खालून पांढरा चीक येत राहिला,
साताचं शेपूट ओघळून मुळांत गेलं.
साहेब म्हणाला, वाचता येतंय ना? मग चल पुढे.

मी पुढे गेलो.

एक भिरंड मात्र मुद्दाम गाळली,
गडग्याच्या आत होती, म्हटलं दिसणार नाही.
ती बिननंबरचीच तोडली.

हा रस्ता कुणी आखलेला नव्हता.
आधी गुरं गेली, गुरांमागे माणूस,
माणसामागे सुपारीची पोती.
ओहोळ दिसला की तो बाजूला व्हायचा,
कुळागराचा बांध आला की पोट आत घ्यायचा.
समोरून बस आली तर दोघांतल्या एकानं
मागे जायचं, हे ठरलेलं.
कुणी, हे कधीच ठरलेलं नव्हतं.
त्यावरून भांडणं व्हायची तासतासभर,
आणि त्या भांडणांत निदान दोन लग्नं जुळली आहेत,
नावं हवी तर सांगतो.

मोठ्या वळणावर राखणदार.
मूर्ती नाही, घुमटी नाही,
चिऱ्याचा एक दगड, त्यावर कुणी ना कुणी ठेवलेली विडी.
रात्रीचे ड्रायव्हर तिथं एकदा हॉर्न द्यायचे:
समोरच्याला कळावं म्हणून,
आणि त्यालाही.

रस्ता नको, असं मी कुठंच म्हटलेलं नाही.
पुनाजी गावड्याच्या सुनेला फोंड्याला नेताना
जीपच्या मागे टॉर्च धरून मीच होतो.
दर वळणाला ती माझ्या मनगटात नखं रुतवायची
आणि मी मोजत होतो, दुसरं काय करणार?
एकोणिसाव्याला मुलगा झाला.
ते राखणदाराचंच वळण.
शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव सर्वेश,
गावात एकोणीस.

तोच एकोणीस आता पोकलेन चालवतो.
गेल्या चैत्रात डोंगराचा तो कोपरा त्यानंच काढला.
काढण्याआधी खाली उतरला, चपला काढल्या,
दगड उचलून केबिनमध्ये सीटशेजारी ठेवला,
दिवसभर तिथंच होता दगड, हादरे खात.
संध्याकाळी नव्या गटाराच्या पलीकडे नेऊन बसवला.
सरळ बसला का, मला विचारलं.
मी म्हटलं, थोडा डावीकडे.

आता उजेड फार आहे.
दुपारी रस्ता तव्यासारखा वास मारतो.
कुळागर उघडं पडलंय, बसमधून आतली
पानवेल दिसते, धुळीनं माखलेली,
पाट सोडणारी बाई दिसते,
तिनं हल्ली रस्त्याकडे पाठ करून काम करायची सवय लावलीय.
कायतान पोदेर सायकल घेऊन आतल्या पायवाटेनं येतो.
त्याचा पोंप पूर्वी तीन वळणांआधी ऐकू यायचा,
चहा ठेवायला तेवढा वेळ पुरायचा.
आता तो दारातच उभा, नि आधण अजून थंड.

फोंड्याला अकरा मिनिटं लवकर पोचतो.
ती अकरा मिनिटं तिस्कावर ट्रॅफिकमध्ये बसून
नीट खर्च करतो.

पत्र्याची जुनी पाटी मी मागून घेतली.
'पुढे वळण आहे, हॉर्न वाजवा.'
कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हतं,
बरोबर मापाची निघाली.

साडेआठची शेवटची बस येते.
सरळ रस्ता, दोन्हीकडे दिवे, समोर कुणी नाही.
गटाराशी आली की ड्रायव्हर हॉर्न देतो,
एकदाच, बारीक.
पाटीमागे कोंबड्या जराशा हलतात
आणि परत पंख मिटून घेतात.