फेरचाचणी

सीपीआरची ओपीडी, खोली नऊ.
टेबलावर तीन प्रश्नावल्या:
एक परदेशातली, सत्तर प्रश्नांची,
एक बंगळुरूहून आलेली,
एक आमची, अजून ओली,
नेजदार सरांच्या लाल पेनानं भरलेली.
कुठली खरं मोजते, ते मी मोजायचं.

"स्वतःला हेतुपुरस्सर इजा..."
के-एकेचाळीस विचारते, हेतुपुरस्सर म्हंजे?
मुद्दाम, मी सांगते.
मुद्दाम तर माझा भाऊ करतोय, खोड्या.
मी समासात लिहिते: शब्द बदलावा.

सोळा वर्षांची. वडील शिरोलीच्या फौंड्रीत.
प्रश्न सहा: राग आला की मी गप्प बसतो/बसते.
तिनं 'बसतो'ला गोल केला.
पुण्याहून तपासून आलेल्या तक्त्यात
त्यापुढं शेरा: लिंग विसंगत, नोंद बाद.
मी फोन लावला. अहो, बाद काय करताय,
आमच्याकडं पोरी अशाच बोलतात.
घरी गेलो की मीपण असाच बोलतो.

प्रश्न चौदा: त्या वेळी मरायचा विचार होता?
हो. नाही.
"न्हाई," ती म्हणाली, "उलट..."
आणि खिडकीबाहेर बघत राहिली.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
मारतच होतं.
तिन्ही प्रश्नावल्यांत 'उलट'ला चौकट नाही.
मी पेन खाली ठेवलं.
नंतर ती जे बोलली ते तिचं आहे, इथं लिहीत नाही.

पंधरा दिवसांनी तेच प्रश्न, त्याच क्रमानं.
साधन भरवशाचं असेल तर उत्तरं तीच यायला हवीत.
तिची सरकली. आणखी सहाजणींचीही.
सर म्हणाले, विश्वासार्हता घसरतेय,
शून्य पूर्णांक एकावन्न, हे छापणार कोण?
मी तिला विचारलं, मागच्या वेळी खोटं सांगितलंस?
"न्हाई ओ मॅडम.
मागच्या वेळी पयल्यांदाच कुणीतरी इचारलं हुतं."

गुजरीत कसोटीवर सोनं ओढतात,
दगडावर थोडं राहतंच.
सराफ ते हिशेबात धरतो का,
कधीतरी विचारायला हवं.

अहवाल अजून अर्धाच आहे.
ती उठली, कार्डावर पुढची तारीख लिहून घेतली,
दारात चप्पल शोधत म्हणाली,
"येतो मी."

बुधवार. साडेदहा. खोली नऊ.